माथा म्हणजे माथाच!

शिखर चढताना "शेवटचे काही मीटर राहिले तर काय बिघडतं?" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. नेपाळमधल्या मनासलू शिखराचंच बघा, उंची ८१६३ मीटर. वर्षानुवर्षं बरेच जण अलीकडच्या उंचवट्यावरूनच परतायचे, कारण पुढची धार अवघड. २०२१ मध्ये ड्रोनच्या फोटोत नेपाळी गिर्यारोहक मिंग्मा जी यांची तुकडी त्या उंचवट्यावरची गर्दी मागं टाकून खऱ्या माथ्याकडं जाताना दिसली, आणि २०२२ पासून हिमालयन डेटाबेस (नेपाळमधल्या चढायांची नोंद ठेवणारा) तोच माथा ग्राह्य धरतो. योग्यच केलं! १९५६ मध्ये मनासलू पहिल्यांदा चढणारे तोशिओ इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू तिथवर गेलेच होते की.

आपल्या कोल्हापूरची पोरं-पोरी आता हिमालयात जातायत (भारी अभिमान वाटतो), त्यांनी निघण्याआधीच मोहीम नेणाऱ्यांना विचारून घ्यावं, दोर नेमका कुठवर लावणार? हवा बिघडली तर जरूर मागं फिरा, पण मग माथ्याच्या अलीकडूनच परतलो, असंच सांगा.