मदत हवी आहे : पाय धुण्याचा विधी मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मी आठवी-नववीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, फादर लोकांचे पाय धुतात, हे मुलं लहानपणापासून बघतायत. पण अर्थ विचारला की 'नम्रता' म्हणून मोकळी होतात.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीने माखलेले पाय धुणं हे त्या काळी दासाचं काम, म्हणून पेत्र हा शिष्य अडून बसतो. आणि येशूला दगा देणारा शिष्य यहूदा? तो अजून तिथेच होता, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले! मला तर हाच भाग सगळ्यात अवघड वाटतो, आणि सगळ्यात मोलाचाही.

2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहात मुलामुलींचे पाय धुतले, त्यात मुस्लिमही होते. हे मी सांगणारच आहे.

पण वर्गात मुलांना एकमेकांचे पाय धुवायला लावावेत का? धुण्यापेक्षा धुवून घेतानाच जास्त संकोच वाटेल, मुलींना तर नक्कीच. कोणी असा वर्ग घेतला असेल तर कसा घेतला, सांगाल का? आणि यहूदाबद्दल मुलांनी विचारलं तर काय उत्तर देता?