बारावी झाली, सीईटीला ७८ पर्सेंटाईल, मेकॅनिकल घ्यायचंय पण घरात कोण ऐकंना

कागलकर_पोरगी

नमस्कार. बारावी सायन्स झाली, पीसीएम ग्रुप, एमएचटी-सीईटीला (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) ७८ पर्सेंटाईल पडलेत. गाव कागल तालुक्यात, पप्पा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. मला मेकॅनिकल करायचंय. कुणाचं बघून डोक्यात घेतलंय असं न्हाई, पप्पा कधीकधी रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा तुकडा घरी आणतात आणि बघ इथं ब्लोहोल (हवेची पोकळी) पडलाय, वाळूत ओल जास्त राहिली की असं होतं, असं सांगत बसतात, ते मला लहानपणापासून आवडतं.

पण घरात तिघांची तीन तोंडं. आई म्हणते राजाराम कॉलेजला बीएस्सी कर, मग बीएड. चुलते म्हणालेत कॉम्प्युटरशिवाय काय घ्यायचंच न्हाई, त्यांच्या ओळखीचा एकजण पुण्याकडं मॅनेजमेंट कोट्यातनं सीट देतो म्हणतोय, पण टोकन आत्ताच भरा, नंतर सीट संपतील असं रोज फोन करून सांगालाय. आणि पप्पाच, जे मला हे सगळं दाखवत आले, तेच म्हणतात मशिनवर पोरीचं काय काम.

ओबीसी आहे, नॉन क्रिमिलेयर काढलंय, जातीची व्हॅलिडिटी (पडताळणीचा दाखला) अजून न्हाई. ७८ ला कोल्हापुरात काय मिळंल का? आणि बारावीनंतर डिप्लोमा केला तर वर्ष वाया जातं का? मैत्रिणी हसालेत की बारावी करून परत डिप्लोमा कशाला.

उद्यमनगर_व्हीएमसी

पोरी, आधी पप्पांचा मुद्दा घेतो कारण बाकीचं सोपं आहे. पप्पा मोल्डिंगला आहेत म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर भट्टी, वाळू, धूर आणि वजन उचलणं हेच येणार, त्यात त्यांची काय चूक न्हाई, बाप म्हणून काळजी बरोबरच आहे. पण मेकॅनिकल म्हणजे तेवढंच न्हाई. माझं छोटं मशिन शॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिनं) आणि एक टर्निंग सेंटर, आणि आमच्याकडं इन्स्पेक्शन बघती ती मुलगीच आहे, डिप्लोमावाली. बोअर गेजनं माप घेऊन ऑपरेटरला सांगती की ऑफसेट (मशिनमधली मापाची दुरुस्ती) एवढा एवढा मार, पीस साईज सोडालाय. तिनं ओके म्हटल्याशिवाय माल गाडीत चढत न्हाई. क्वालिटी, डिझाईन, प्रोग्रॅमिंग, पॅटर्न आणि मेथडिंगचं (कास्टिंग कसं ओतायचं ते ठरवायचं) काम, ह्यात वजन उचलायचा प्रश्नच कुठं येतो?

पप्पांना म्हणावं तुमच्याच कंपनीच्या क्यूसी (क्वालिटी तपासणी) डिपार्टमेंटला जाऊन तिथं कोण बसलंय ते बघून या. आणि जमलं तर सुपरवायझरला विचारून तुलापण एकदा आत घेऊन जा म्हणावं.

आता खरं बोलतो. पगार सुरवातीला कॉम्प्युटरवाल्यांएवढा मिळणार न्हाई आणि मशिन शॉपला सेकंड शिफ्ट असती. हे धरून निर्णय घे, नंतर रडायचं न्हाई.

बिंदू_चौक_९

भावनेत जाऊ नका, कॉम्प्युटर घ्या. मेकॅनिकलच्या सीटा कॉलेजात रिकाम्या राहतात ते उगच न्हाई.

उद्यमनगर_व्हीएमसी

@बिंदू_चौक_९ सीटा रिकाम्या राहतात हे खरं, पण आम्हाला ड्रॉईंग वाचता येणारं माणूस मिळंना झालंय हेपण तेवढंच खरं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, कुठल्याबी गेटवर जाऊन विचारा.

गेल्यावर्षी_ह्यातूनच_गेले

बाळ, माझ्या लेकीचं ॲडमिशन गेल्या वर्षी झालं, तेव्हा सगळी पुस्तिका पाठ झाली होती म्हणून लिहिते, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे त्या टोकनवाल्याला आजच्या आज नाही म्हणून सांगा. मुलींसाठी २०२४-२५ पासून सरकारनं व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. पण हे कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या सेंट्रल ॲडमिशनच्या फेरीतून, ॲडमिशन घेतलं तरच. मॅनेजमेंट कोट्यात गेलीस की माफी गेली, आणि टोकन भरलेलं असतं ते वेगळंच. चुलत्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखव, तोंडी सांगितलं की मोठी माणसं ऐकत नाहीत. आणि ओरिजिनल दाखला, मार्कलिस्ट कुणाच्या हातात देऊ नको, कितीही ओळखीचा असला तरी. हां, माफीत डेव्हलपमेंट फी, होस्टेल, बस येत नाही, ते धरून ठेवा. महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर फॉर्म दर वर्षी भरायचा आणि बँक खात्याला आधार लिंक पाहिजे, नाहीतर तिथं अडकतं.

दुसरं व्हॅलिडिटी. हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम आहे आणि सगळे सगळ्यात शेवटी करतात. बार्टी ह्या सरकारी संस्थेच्या वेबसाईटवर ऑनलाईन अर्ज भरून मग जिल्हा जात पडताळणी समितीकडं कागद द्यायचे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढा, गावच्या मराठी शाळेत जुनी रजिस्टरं असतात, हेडमास्तर शोधून देतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर पणजोबा, चुलत आजोबा, किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची नक्कल. आडनावात, जातीच्या नोंदीत एका अक्षराचाही फरक असला तर आत्ताच बघून ठेवा. आमच्याकडं एका दाखल्यावर नुसतं नाव होतं आणि दुसऱ्यावर नावापुढं राव लावलेलं, तेवढ्यावर समितीनं प्रतिज्ञापत्र मागितलं. व्हॅलिडिटीच्या अर्जाच्या पावतीवर ॲडमिशन कितपत चालतं आणि मुदत काय, ते ह्या वर्षीच्या सीईटी सेलच्या (ही परीक्षा आणि ॲडमिशन बघणारं सरकारी ऑफिस) माहितीपुस्तिकेत वाच, व्हॉट्सॲपवर फिरतंय त्यावर जाऊ नको. नॉन क्रिमिलेयरवरची तारीखपण बघ, चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं.

तिसरं ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमध्ये कॉलेज आणि ब्रँचची पसंतीची यादी भरायची तो. इथं लोक कटऑफ बघून क्रम लावतात ते चुकीचं आहे, क्रम आवडीनं लावायचा. कराडचं गव्हर्नमेंट, सांगलीचं वालचंद ७८ ला लागणं कठीण आहे, पण मनापासून पाहिजे असतील तर वर टाक, खाली टाकलेल्या कॉलेजचं त्यानं काही बिघडत नाही. फक्त पहिल्या नंबरला जे टाकशील ते पहिल्याच फेरीत लागलं तर ऑटो फ्रीज होतं, म्हणजे सीट आपोआप पक्की, मग पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून चुलत्यांचं मन राखायला म्हणून पहिल्या नंबरला काही टाकू नको. आणि बेटरमेंटला (वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत) गेलीस आणि पुढं वरचा पर्याय लागला, की आधीची सीट जाते, ती परत मिळत नाही. फॉर्म कन्फर्म करायच्या आधी प्रिंट काढून कॉलेज कोड आणि ब्रँच कोड बोट ठेवून वाच, एकाच कॉलेजचे कोड एकसारखे दिसतात.

कोल्हापुरात मेकॅनिकल ७८ ला मिळेल असं मला वाटतं, पण गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर असतात, मुलींचा आणि ओबीसीचा कॉलम वेगळा बघ.

पॉलिटेक्निक_ते_बीटेक

ताई डिप्लोमावर कोणच बोलंना म्हणून लिहितो, मी तेच केलंय. बारावी सायन्सवाल्याला डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन मिळतं, म्हणजे दोन वर्षात डिप्लोमा. मग तिथनं इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला, त्याला सीईटी लागत न्हाई, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं. एकूण पाच वर्षं, सरळ बीटेकला चार. म्हणजे एक वर्ष जास्त जातं, पण हातात दोन सर्टिफिकेट आणि मधी थांबावं लागलं तरी नोकरीला लायक असतीस. माझ्या मते वाया काय जात न्हाई.

विद्यानगरला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे, फी प्रायव्हेटच्या मानानं लई कमी, तिथं मिळालं तर सोडू नको. वर्कशॉपला पहिल्यांदा फायलिंगचा जॉब करताना हाताला फोड येतात, तक्रार करायची न्हाई. आणि एमएसबीटीईचे (डिप्लोमाचं बोर्ड) पेपर सोपे असतात असं कोण म्हटलं तर त्याला मॅथ्सचा पेपर दाखव. डिप्लोमानंतर एनॅट्स ह्या सरकारी योजनेमधनं वर्षाची ॲप्रेंटिसशिप करता येती, स्टायपेंड मिळतो, मी केली न्हाई पण आमच्या बॅचचे बरेचजण तिथंच कायम झाले.

मैत्रिणींचं सोड. बीटेकला सेकंड इयरला आम्ही बसलो तेव्हा मशिन ड्रॉईंगला आमच्याच वह्या फिरत होत्या.

बिंदू_चौक_९

बरं बाबा माघार. पण बीएस्सी एवढं पण वाईट न्हाई, स्पर्धा परीक्षा करायची असंल तर बीएस्सीच बरं, वेळ मिळतो.

कागलकर_पोरगी

सगळ्यांचे लई लई आभार. फी माफीचं काकूंनी लिहिलेलं चुलत्यांना वाचून दाखवलं, ते म्हणालेत खरं असंल तर टोकन भरत न्हाई, आधी जीआर (सरकारी आदेश) दाखव. पप्पा काय बोलले न्हाईत पण क्यूसीत कोण मॅडम आहेत म्हणून सांगितलं, म्हणजे बघून आलेत. कॅपचा फॉर्म भरते आणि पॉलिटेक्निकचापण भरते. एकच विचारायचंय, दोन्ही एकदम भरलेले चालतात का? आणि आजोबांची शाळा आता दुसऱ्या इमारतीत गेलीय, रजिस्टर तिथंच असतील का?

गेल्यावर्षी_ह्यातूनच_गेले

दोन्ही भर, प्रक्रिया वेगळ्या आहेत, ॲडमिशन शेवटी एकाच ठिकाणी घ्यायचं. रजिस्टरं शाळेबरोबरच जातात. नाही सापडली तर केंद्रशाळेत विचार, आणि जाताना आजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे कुठल्या साली शाळेत घातलं ते लिहून ने, नाहीतर हेडमास्तर सगळी रजिस्टरं तुलाच चाळायला लावतील. जीआर ८ जुलै २०२४ चा आहे, महाराष्ट्र शासनाच्या साईटवर उच्च व तंत्र शिक्षण विभागात मिळेल.