मिरची उकळून भागत नाही, अल्ट्रासाउंड लागतोच

एकांनी विचारलंय की मिरचीतला तिखट अर्क काढायला ती पाण्यात उकळली की झालं, अल्ट्रासाउंडचा म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा खटाटोप कशाला. अहो पण मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याला अल्कोहोल नाहीतर तेल लागतं, म्हणून तर रस्सा उकळला की तिखट तवंग वर येतो.

मी गोव्यात एमएस्सी करताना खोला मिरचीवर काम केलंय, ती आपली काणकोणची, २०१९ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. आईने रेशाद मसाल्यासाठी वाळवलेल्यातलीच मूठभर दिली होती. मिरची उभी चिरून बघा, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात ना, तिखटपणा तिथे जास्त असतो, बियांत नाही. पूड अल्कोहोलमध्ये घालून २० ते ४० किलोहर्ट्झच्या या लहरी सोडल्या की द्रवात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, त्या धक्क्याने पेशींच्या भिंती तुटतात नि अल्कोहोल आत शिरतं. सॉक्सलेटवर, म्हणजे गरम अल्कोहोल पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायच्या काचेच्या उपकरणावर, तासन्तास चालायचं ते इथे अर्ध्या पाऊण तासात उरकतं, आणि कमी तापमानाला होतं हे महत्त्वाचं कारण लाल रंगाची कॅरोटेनॉइड्स उष्णतेने खराब होतात.

फक्त एक, प्रोब, म्हणजे थेट द्रवात बुडवायची लहरी सोडणारी कांडी, वापरत असाल तर बीकर बर्फात ठेवा. माझा पहिला बीकर एवढा तापला की अल्कोहोल उडून गेलं आणि अख्खी लॅब खोकत बाहेर आली. बाथ, म्हणजे भांडं ज्यात ठेवतात ती लहरी सोडणारी पाण्याची टाकी, असेल तर तिचं पाणी अधूनमधून बदललं तरी चालतं.