आठवीच्या मुलांना चित्रं बघायला न्यायचंय : मुंबई की औंध? आणि तिथे नेमकं काय करवून घ्यावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षक आहे. आमच्या मुलांचा हात चांगला आहे. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बरीच मुलं बसतात, वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम सगळं मन लावून करतात. पण यातल्या एकानेही आजवर खरं तैलचित्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही. रविवर्मा त्यांना माहीत आहे तो कॅलेंडरवरचा, नाहीतर पुस्तकातल्या आगपेटीएवढ्या चौकटीतला.

यंदा मुख्याध्यापकांनी सहलीचा एक अख्खा दिवस माझ्या हाती दिलाय. आठवीची ४२ मुलं-मुली, आम्ही दोघं शिक्षक आणि एक बाई. एसटीची शालेय सहलीची सवलत मिळेल, त्यामुळे गाडीचा प्रश्न नाही. प्रश्न जागेचा आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय डोळ्यांपुढे आहे, पण त्यासाठी मध्यरात्रीच निघावं लागेल. दुसरीकडे औंधचं श्रीभवानी संग्रहालय आमच्यापासून तासा-दीड तासावर. सहकारी म्हणतात, औंधला काय न्यायचं, तिथे यमाईच्या देवळात सगळे जातातच; मुंबई म्हटलं की पालक पैसे देतील.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या वयाची मुलं चित्रांपुढे किती वेळ टिकतात? सोबत माहिती सांगणारा माणूस हवाच का? आणि हाताने काही करवून घ्यायचं असेल तर ते तिथेच घ्यावं की शाळेत परत आल्यावर?

अनुजा_ठाणे

सर, जमत असेल तर मुंबईला आणाच. मी ठाण्याच्या शाळेतली मुलं घेऊन तिथे जाते. मोठा घुमट असलेल्या मधल्या दालनात शिरल्या शिरल्याच मुलं गप्प होतात. वास्तुकार जॉर्ज विटेटची इमारत आहे ती, संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. २०१९ पासून आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे.

आमच्या मुलांना दोन गोष्टी फार धरून ठेवतात. एक म्हणजे निमरूदच्या राजवाड्यातले असीरियन दगडी पट. जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचे. दाढीचा एकेक कुरळा केस कोरलेला आणि दगडातला उठाव मात्र बोटाच्या पेराएवढाही नाही! उठावशिल्प शिकवायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अकबराच्या चित्रशाळेतली 'अन्वार-इ-सुहैली'ची पानं. पंचतंत्रातल्याच गोष्टी फारसीतून फिरून आलेल्या, त्यामुळे मुलांना प्राणी ओळखीचे वाटतात. पोथीतली चित्रं नेहमीच मांडलेली असतील असं नाही, म्हणून आधी विचारून घ्या. शाळेचा गट येणार हे आधी कळवलंत तर तिथली शिक्षण विभागाची माणसं मदत करतात.

आणि मुंबईला येणं नाहीच जमलं तर त्यांची 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस शाळांपर्यंत जाते, त्यासाठी अर्ज करून बघा. अडचण एकच, तुमच्या मुलांचा अर्धा दिवस रस्त्यात जाणार.

शाडूमाती

सर, मी निवृत्त कलाशिक्षिका. माणदेशातच नोकरी झाली, आणि आजही आसपासच्या शाळा बोलावतात तेव्हा मुलांबरोबर औंधला जाते. माझं मत सरळ सांगते : औंधला न्या. अनुजाताईंनी सांगितलेलं सगळं खरं आहे, पण आठवीतल्या मुलाने पहिलं चित्र रात्रभर गाडीत आंबलेल्या डोळ्यांनी बघू नये.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. औंधला मूल परत जाऊ शकतं. पौषात यमाईच्या यात्रेला घरचे जातात तेव्हा तेच मूल आई-वडिलांना हाताला धरून संग्रहालयात नेतं आणि "हे बघ, हे आम्ही काढलं होतं" म्हणून दाखवतं. शेतावर राबणारी, आयुष्यात संग्रहालयाची पायरी न चढलेली आई मुलीच्या मागून दालनात फिरताना मी पाहिली आहे. हे मुंबईच्या एका दिवसाने होत नाही. तुमचे सहकारी म्हणतात ना, सगळे जातातच? म्हणूनच तर न्यायचं.

आणि औंध कमी दर्जाचं आहे असं कोणी समजू नये. १९३८ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी ते उभं केलं. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला राजा. रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथे आहे. धुरंधरांची चित्रं आहेत, बंगाल शैलीतली आहेत, लघुचित्रं आहेत. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे, हे मुंबई-पुण्याच्या किती चित्रकारांना माहीत असेल? वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला राहिले तेही चित्रकारच होते, आणि त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे राज्याचे कला संचालक झाले. हे सगळं तुमच्या जिल्ह्यातलं आहे. मुलांना आदल्या आठवड्यात राजाची गोष्ट सांगा, सूर्यनमस्कार त्यांना येतातच, तिथून सुरुवात करा.

आता टिकण्याबद्दल. मुलं तास-सव्वा तास सहज टिकतात, पण तेवढ्या वेळात पाच चित्रं. पाचच. सगळं दालन दाखवायचा मोह झाला तरी आवरा. रांगेतून "चला, पुढे चला" करत नेलेल्या मुलाला संध्याकाळी विचारा काय पाहिलंस, ते डबा कुठे खाल्ला ते सांगेल. ४२ मुलांचे तीन गट करा. एक गट चित्रांपुढे, एक शिल्पाकडे, एक बाहेर डोंगरावर, तिथून दिसणारं गाव आणि माळ रेखाटायला. मग अदलाबदल. तुम्ही तिघं आहात, बरोबर जुळतं.

चित्रापुढे मुलांना खाली बसवा. उभं मूल पुढच्या चित्राकडे बघत असतं, बसलेलं मूल समोरच्या. मिनिटभर कोणी बोलायचं नाही. मग तीनच प्रश्न : इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं? दुसरा प्रश्न सोडू नका, सगळी गंमत त्यात आहे. "ती रडणार आहे" असं कोणी म्हटलं की "कशावरून?" मग मान, खांदा, बोटं, पापणी असं सगळं मुलंच शोधून काढतात. माहिती शेवटी द्या. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी ही, हे आधी सांगितलंत तर मुलं चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघतील. म्हणूनच माहिती सांगणारा माणूस नसला तरी अडत नाही, तुम्ही पुरेसे आहात.

एक विनंती आहे, वह्यांमध्ये पाटीवरची माहिती उतरवून घ्यायला लावू नका. चित्राकडे पाठ करून पाटी लिहिणारी मुलं बघितली की माझा जीव तुटतो.

दालनात फक्त पेन्सिल. परीक्षेचं पॅड, चार कोरे कागद, एक पेन्सिल. पेन, स्केचपेन, पाण्याची बाटली बाहेर. खोडरबरही देऊ नका, नाहीतर निम्मा वेळ खोडण्यात जातो. चित्राची नक्कल करायची नाही. एक हात, एक पदर, एक पाय, एवढंच.

हात का लावायचा नाही हे "नियम आहे" म्हणून सांगू नका, दाखवा. घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यावर मुलांना बोटं दाबायला सांगा आणि तो वर्गातच ठेवा. आठवडाभरात बोटांचे ठसे काळपट उमटतात. घाम आणि तेल काय करतं ते दिसलं की मूल दुसऱ्यालाही अडवतं.

हाताचं काम शाळेत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. फार उशीर करू नका. आणि ते काम बघितलेल्या चित्रातूनच निघालं पाहिजे. एक अनुभव सांगते. जरीचं वस्त्र रंगवलेल्या एका तैलचित्रापुढे आमची एक मुलगी सारखी पुढे-मागे करत होती. मला वाटलं कंटाळली. विचारलं तर म्हणाली, "बाई, जवळून जर नाहीच. नुसते पिवळे-पांढरे फटकारे आहेत. मागं गेलं की जर होती." मग सगळा गट तिच्यामागे पुढे-मागे! तैलचित्राबद्दल मी वर्षभर फळ्यावर शिकवलं असतं तरी हे पोचलं नसतं. छापील चित्रात तो फटकारा दिसतच नाही.

परत आल्यावर आम्ही एक जरीकाठाची साडी खिडकीजवळ दोरीवर टाकली. साधा खाकी कागद, कोळसा आणि पांढरा खडू. खाकी रंग म्हणजे मधली छटा, ती आयती मिळते. सावलीला कोळसा, उजेडाला खडू. अट एकच : जरीचा धागा काढायचा नाही, जिथे उजेड चमकतो तिथेच खडूचा एक फटका. एरवी कागदभर बाह्यरेषा गिरवणारी मुलं त्या दिवशी उजेड काढत होती. खर्च म्हणाल तर खाकी कागदाचे ताव आणि खडूची पेटी.

मूरच्या शिल्पावरून माती घ्या. घरी जाऊन आधी बघून यायचं, आई किंवा काकू बाळाला कडेवर कशी घेते. कंबर कुठे मोडते, बाळाचा पाय कुठे जातो. मग मुठीएवढी शाडू. डोळे, नाक, कान करायचे नाहीत. दोन गोळे एकमेकांना कुठे चिकटतात तेवढंच सांभाळायचं. पाणी बेताचं, नाहीतर वाळताना भेगा जातात, सावलीतच वाळवा.

रंकाळा

शाडूमाती ताई, साडीचा धडा उचलतोय. सर, पुढच्या वर्षी कोल्हापूरचाही विचार करा. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही. ग्रीक समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा आला, यावर मुलं तासभर तर्क लढवतात.

एक व्यवहाराचं सांगतो. सरकारी संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते आणि अधूनमधून दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद असतं. मुलं गाडीत बसवण्याआधी फोन करून कोणतं दालन उघडं आहे ते विचारा. शक्य असेल तर तुम्ही एकटे आधी एकदा जाऊन पाच चित्रं ठरवून या.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. औंध पक्कं केलं. पुढच्या रविवारी एकटा जाऊन चित्रं ठरवून येतो. मुख्याध्यापकांना परत येण्याचा मुद्दा फार पटला.

शाडूमाती मॅडम, अजून दोन शंका. वर्गात सात-आठ मुलं अशी आहेत की "मला चित्र येत नाही" म्हणून कागदच पुढे ओढत नाहीत. त्यांचं काय करू? आणि पालकसभेत हमखास प्रश्न येणार, याचा परीक्षेला उपयोग काय?

शाडूमाती

ती सात-आठ मुलं मातीला आधी बसवा, कागदाला नंतर. मातीत चूक दिसत नाही, दाबली की गेली. दालनात त्यांना काढायला सांगू नका, मोजायला सांगा : या चित्रात उजेड कुठून येतोय, बाण काढून दाखव. माणसं किती, आणि त्यातली कोण कोणाकडे बघतंय, नुसत्या रेघा ओढ. रेघा ओढता ओढता त्यांची चित्राची मांडणी कागदावर येते. ती दाखवून "हे तूच काढलंस" म्हणा. मी हे मुद्दाम सांगते, कारण बोलताना सगळ्यात नेमकं बघणारी मुलं पुष्कळदा याच गटातली निघतात.

पालकांना स्मरणचित्राचं सांगा. डोंगरावर डबे खाऊन झाले की पॅडवर कोरा कागद घेऊन, कुठेही न बघता, सकाळच्या पाचातलं एक चित्र आठवून काढायला लावा. दहा मिनिटं. मग त्याच चित्रापुढे परत नेऊन स्वतःच्या कागदाशी ताडून बघू द्या. काय राहिलं, काय उलटं झालं. एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना असा सराव वर्गात कधी मिळत नाही. ते कागद जपून ठेवा आणि पालकसभेत भिंतीवर लावा. उपयोग काय असं कोणी विचारलं तर त्यांच्याच मुलाचा कागद दाखवा.

शाडू गणपतीच्या कारखान्यात मिळते, हंगाम संपल्यावर उरलेली स्वस्तात देतात. ४२ मुलांना एक गोणी पुरून उरेल. आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सकाळी मळायला आठवीतली मुलंच लावा.