कंबोईला भरतीची वेळ कशी काढायची?

रावपुराकर
येत्या पंचमीला रविवार आहे. बडोद्याहून चार कुटुंबं खंबायतच्या आखाताकाठी कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला जाणार आहोत. पिंड पाण्याखाली जाताना बघायचीय, जमलं तर पक्षीही. कोकणातला हिशोब तिथीची पाऊणपट, म्हणजे पंचमीला पावणेचारला भरती. तर दुपारी तीनला पोचलो की पुरे ना? बरोबर सत्तरीपुढच्या दोन मावश्या आहेत. आणि ओहोटीला मुलांना चिखलात थोडं पुढे नेता येईल का?

खाडीकाठ
तीनला पोचलात तर जवळजवळ ऐन ओहोटीच बघाल. पाऊणपट मुंबई-रत्नागिरीला चालते. खंबायतच्या आखातात भरती आत शिरून वर चढायला वेळ लागतो. भावनगरच्या आसपास मुंबईपेक्षा साधारण चार-पाच तास उशीर होतो. त्यामुळे पंचमीची भरती सकाळी आठ-नऊच्या सुमाराला आणि मग थेट रात्री.

पिंड बुडताना बघायची तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरा, फार तर दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. तेव्हा भरती दुपारी चार ते साडेपाचच्या आसपास येते आणि उधाणामुळे पाणीही भरपूर असतं. पाऊस सोडून बाकीच्या दिवसांत पादरा-जंबुसर-कावी रस्त्याने बारापर्यंत पोचा. पिंड उघडी असते, मावश्यांचं दर्शन निवांत होतं, मग काठावर बसून पाणी चढताना बघा. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमजोर भरती असते, तेव्हा पाणी फारसं चढत नाही.

वरचा हिशोब दिवस ठरवण्यापुरता. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यातली घ्या. पान भावनगरचं बघायचं. कंबोई आखाताच्या समोरच्या काठाला आणि थोडी वर, मही नदीच्या मुखाशी आहे, तेव्हा अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. निघण्याआधी मंदिरातही विचारा, त्या दिवसाची वेळ तिथे सांगतात. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा.

तिवर
पक्ष्यांसाठी मात्र तुमची पंचमीच बरी, फक्त सकाळची. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागे राहतं. संध्याकाळी पाण्यावरची तिरीप थेट डोळ्यांत. भरतीच्या दोन तास आधी काठावर बसायचं. पाणी चढतं तसे चिखल्या, तुतारी, उचाट्या चरत चरत तुमच्याकडे सरकतात. ओहोटीला तेच पक्षी इतके लांब जातात की ८×४२ची दुर्बीणसुद्धा नुसते ठिपके दाखवते. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

चेराच्या, म्हणजे आपल्या तिवरांच्या, मुळांपाशी नीट बघा: ओल्या गाळावर बोटभर मासा उड्या मारत चालतो, डोळे डोक्याच्या वर. कोकणात निवटी, इकडे लेवटा. मुलांना तेवढं काठावरूनच दाखवा.

खाडीकाठ
हो, चिखलाचं राहिलं होतं. मुलांना अजिबात नेऊ नका. आखाताचं तोंड रुंद आणि वर निमुळतं, शिवाय उथळ. त्यामुळे मुंबईला उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरचा फरक, तर भावनगरला दहाच्या घरात. उतरायला लागतो त्यापेक्षा चढायला वेळ कमी लागतो. पाणी समोरून सरळ येतं असंही नाही. आधी गाळातल्या नाळी भरतात, त्या तुमच्या पाठीमागेही असतात. समोर कोरडं दिसत असताना परतीची वाट बंद.

गाळाचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी खाली लोणी. कुणी रुतलंच तर पाय सरळ वर ओढू नये, दुसरा जास्त रुततो. मागे रेलून बसायचं, वजन पसरायचं, पाय गोल हलवत गाळात पाणी शिरू द्यायचं आणि मग हळूहळू सोडवायचा. सोबतच्याने जवळ न जाता दोर किंवा ओढणी फेकावी. गमबूट तर नकोतच, गाळ ते घट्ट धरून ठेवतो.

रावपुराकर
म्हणजे दोन वेगळे दिवस. मावश्यांना पौर्णिमेला नेतो. पंचमीला आम्ही दोघं-तिघंच, पहाटे साडेचारला निघतो.

तिवर
साडेचार जरा लवकर होतील, अंतर ऐंशीएक किलोमीटरच आहे. थंडीत जंबुसरच्या पुढे धुकं असतं हे मात्र धरा.