पेन्शनवर राहायला उबदार आणि सुरक्षित देश कोणता? (प्रत्यक्ष राहिलेल्यांनीच सांगा)

वाशिष्ठीकाठ (कव्हेंट्री)

नमस्कार मंडळी. मी 68, बायको 66. इंग्लंडात तीस वर्षं झाली. मी बसडेपोत होतो, ती केअर होममध्ये. स्टेट पेन्शन (इथलं सरकारी निवृत्तिवेतन) पूर्ण मिळायला नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीची 35 वर्षं भरावी लागतात, ती आमच्या दोघांचीही भरत नाहीत. त्यामुळे दोघांची मिळून महिन्याला साडेचौदाशे पौंडांच्या आसपास येते, वर माझी डेपोची तीनशे. घराचं कर्ज फिटलंय.

त्रास आहे तो थंडीचा. हिला संधिवात आहे. नोव्हेंबर ते मार्च सकाळचा चहा कान धरून पिता येत नाही, दोन्ही तळव्यांत कप धरावा लागतो. बरण्यांची झाकणं मी रात्रीच सैल करून ठेवतो. गेल्या मार्चमध्ये मुलीने आठ दिवस टेनेरिफला (स्पेनचं उबदार बेट) नेलं. तिसऱ्या दिवशी अंघोळीहून आलो तर ही आरशासमोर स्वतःची वेणी घालत बसलेली. दोन वर्षं ती वेणी मी घालत होतो (वाईट घालतो, मान्य). तेव्हापासून डोक्यात हेच.

"भारतात का नाही?" हे कोणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. चिपळूणला वडिलोपार्जित घर आहे, भाऊ राहतो. 22 जुलै 2021 ला जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी होतं, भाऊ-वहिनी दीड दिवस माडीवर अडकलेले. हिला घेऊन मी तिथे जाणार नाही. दुसरं कारण पेन्शन. भारतात कायमचं गेलं की जाताना जो आकडा असेल त्यावर ती गोठते. माझे एक चुलत मेहुणे 2004 ला नाशिकला परतले. तेव्हा पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला 79 पौंड 60 पेन्स होती, त्यांना आजही तेवढीच येते. इकडे राहणाऱ्याला 2025 मध्ये तीच 176 पौंडांच्या वर गेली. त्यांच्या डॉक्टरची फी मात्र गोठलेली नाही.

स्पेन बघितला. नोकरी न करता राहायच्या व्हिसाला वर्षाला 28,800 युरो उत्पन्न दाखवा म्हणतात, बायकोचे आणखी 7,200. आपल्या आवाक्यात नाही. मलेशियाची सिल्व्हर श्रेणीसुद्धा दीड लाख डॉलर मुदत ठेव आणि वर घरखरेदी मागते. तेही गेलं. उरले पोर्तुगाल, थायलंड आणि मॉरिशस.

गोल्फ नको, बीच पार्टी नको. दवाखाना अर्ध्या तासात हवा, संध्याकाळी ही एकटी फेरी मारून येऊ शकली पाहिजे आणि वर्षातून दोनदा नातवाला भेटायला येणं परवडलं पाहिजे. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून झालेत, ते पाठवू नका.

कोथिंबीरवडी (तविरा, पोर्तुगाल)

दादा, मी इथे सहा वर्षं आहे. नर्स होते, निवृत्त झाले, नवरा गेल्यावर एकटी राहते. संध्याकाळी एकटं फिरण्याची काळजी इथे अजिबात नाही. रात्री दहालाही मी नदीकाठाने चालत येते.

तुम्ही स्टेट पेन्शनवाले, म्हणून आधी एस-वन फॉर्म. तो ब्रिटनकडून घेतला की इथल्या सरकारी दवाखान्याचा खर्च ब्रिटन उचलतो. पेन्शनही दरवर्षी वाढत राहते. व्हिसा डी-सेव्हन, त्याचं उत्पन्न इथल्या किमान वेतनाला बांधलेलं असतं. 2025 ला ते 870 युरो होतं, जोडीदाराचे त्याच्या निम्मे. तुमचं सहज बसतं.

आता जे व्हिडिओत दाखवत नाहीत ते. आल्गार्व्ह (हा आमचा दक्षिण किनारा) उबदार आहे ते घराबाहेर. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: जाड भिंती, खाली गार फरशी, हीटिंग नाही. माझ्या पहिल्या जानेवारीत बाहेर सोळा अंश आणि घरात तेरा. स्वेटर चढवून घरात यायचं आणि काढून बाहेर जायचं! गादीची चादर रोज रात्री ओलसर लागायची, कपाटामागे बुरशी, माझी एक पैठणी त्यात गेली. शेजारणीने गॅसच्या टाकीवर चालणारा चाकांचा हीटर दिला. तो पेटवला की खिडकीवरून पाणी ओघळायचं. शेवटी ओलावा शोषणारं यंत्र घेतलं. त्याच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी ओतायचे, ते बघून मलाच भीती वाटायची. वहिनींच्या बोटांना ती थंडी कव्हेंट्रीपेक्षा बरी जाईल असं मी म्हणणार नाही. दक्षिणेकडे तोंड असलेला, दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्टचा, दुहेरी काचांचा फ्लॅट मिळाला तरच या. तसा मिळतो, पण भाडं चढं असतं.

आणि कायमचा फॅमिली डॉक्टर मिळायला इथे रांग आहे. मला साडेतीन वर्षं लागली. तोवर जो ड्यूटीवर असेल तो.

कोथिंबीर मात्र गड्डीच्या गड्डी. हे लोक आपल्यासारखीच घालतात सगळ्यात.

मडगावचो (गोवा)

इतकं कशाला? ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) असेलच, गोव्यात या. पेन्शन गोठली तर गोठू दे, पौंड वाढतोच की. तुमच्या मेहुण्यांना 2004 मध्ये पौंडाला 80-85 रुपये मिळायचे, आज 115 च्या वर मिळतात. साडेचौदाशे पौंडांत राजासारखे राहाल.

वाशिष्ठीकाठ

@मडगावचो, पौंड वाढला चाळीस टक्के. 2004 ला नाशकात थाळी कितीला होती आणि आज कितीला आहे, तेवढं सांगा. आज राजा, ऐंशीव्या वर्षी काय?

मडगावचो

बरं बाबा. पण मासे बघून ठरव.

ऑरेंजसिटी (चियांग माई, थायलंड)

भाऊ, मी नागपूरचा, उन्हाचं मला काही वाटत नाही. पाच वर्षं इथे आहे. स्वस्ताई खरी आहे, दवाखाने झकास आहेत, माणसं शांत. रिटायरमेंटवर राहायला वय पन्नास आणि इथल्या बँकेत 8 लाख बात (थाई चलन), नाही तर महिन्याला 65,000 बात उत्पन्न. पैसे अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात पडून असावे लागतात, नंतरही तीन महिने हात लावायचा नाही आणि पुढे 4 लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे ते पैसे आपले असून आपले नाहीत. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. मी एकदा विसरलो, दंड भरला आणि बायकोची बोलणी वेगळी.

पण तुमच्यासाठी मी नाही म्हणेन. तुम्ही भारत ज्या कारणाने नको म्हणताय तेच इथे आहे: थायलंडमध्येही ब्रिटिश पेन्शन गोठते. विमा बघा. ओ-ए व्हिसाला (निवृत्तांचा एक प्रकार) 30 लाख बातचं संरक्षण मागतात आणि सत्तरीनंतर नवीन विमा काढायला गेलं की कंपनी आधी तुमच्या गुडघ्यांची यादी करते. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि डोंगर पेटवतात. तेव्हा आम्ही खिडक्यांच्या फटींना टेप लावतो आणि डोंगर दिसतो की नाही यावर मॉर्निंग वॉक ठरतो. मागल्या मार्चमध्ये अकरा दिवस दिसला नाही. दक्षिणेला हुआ हिनकडे तेवढा त्रास नाही, पण पेन्शनचं गणित तेच.

पावसाळीचप्पल (फ्लिक-आं-फ्लाक, मॉरिशस)

वाशिष्ठीकाठ, तुमच्यासाठी खास लॉगिन केलं. मी मूळचा पुण्याचा, पण चिपळूणचा जावई.

महत्त्वाचं आधी. मॉरिशसशी ब्रिटनचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, म्हणून इथे ब्रिटिश पेन्शन दरवर्षी वाढते. उष्ण देशांत अशी नावं थोडी आहेत; फिलिपिन्स, जमैका, बार्बेडोस आठवतात. पन्नाशीपुढच्या निवृत्तांना दहा वर्षांचा परवाना मिळतो. मी घेतला तेव्हा दरमहा 1,500 डॉलर इथल्या बँकेत यायला हवे होते. हा आकडा सरकार बदलतं, म्हणून अर्जाआधी ताजा बघा. तो वाढला असेल तर तुमचं काठावर बसेल, डेपोची पेन्शन त्यात नक्की धरा.

आता माझी चूक. आलो तेव्हा भाडं कमी म्हणून क्युरपीपला घर घेतलं. ते पठारावर आहे, समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच. बेट केवढं, तर तासाभरात आरपार जाता येतं, म्हटलं हवा ती काय वेगळी असणार! जुलैत (इथला हिवाळा) रात्री पंधराच्या खाली पारा आणि महिनाभर झिमझिम. चामड्याचे बूट आठ दिवसांत हिरवे झाले. सासूबाई आल्या होत्या, म्हणाल्या, "चिपळुणात निदान भजी तरी मिळतात." पाच महिन्यांनी पश्चिम किनाऱ्यावर आलो. वीस किलोमीटरच्या आसपास अंतर, पण इथे डोंगराआड पाऊस कमी. जुलैतसुद्धा दिवसा चोवीस. घेतलंत तर पश्चिमेलाच घ्या.

चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल. इशारे एक ते चार असे चढत जातात. चार लागला की कोणी घराबाहेर पडत नाही. घरं काँक्रीटची, त्यामुळे वाऱ्याचं भय कमी, पाण्याचं जास्त. जानेवारी 2024 च्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या वाहून गेल्या. तुम्हाला पाण्याची भीती आहे म्हणून मुद्दाम सांगतो: नदीनाल्याजवळ आणि सखल भागात घर घेऊ नका.

वहिनींच्या फेरीबद्दल: माणसांची भीती नाही, कुत्र्यांची आहे. मोकाट खूप, फूटपाथ तुटक. काठी असू द्या. रोजच्या आजाराला खासगी दवाखाने चांगले आहेत, मोठ्या शस्त्रक्रियेला बरेच जण भारतात जातात. मुंबई विमानाने सहा तास. लंडन बारा तास आणि डिसेंबरचं तिकीट रडवतं. नातवाला जूनमध्ये भेटा.

आणि एक सांगू? गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी कोकणातून आलेल्यांचे वंशज घरात क्रिओल (इथली बोली) बोलतात, पण गणपतीपुढे झाकरी नाचतात. पहिल्यांदा बघितली आणि बायको ओरडली, "अरे, ही आमची जाखडी!" रस्त्यावर दाल पुरी मिळते, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच समजा.

कोथिंबीरवडी

मॉरिशसला एस-वन चालत नाही, हे विसरू नका. कायमचे गेलात की एनएचएसचे (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) फुकट उपचारही सुटतात. विम्याचा आकडा आधी मागवा, संधिवात लपवू नका. आणि घर विकू नका, भाड्याने द्या.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हिला सगळं वाचून दाखवलं. पैठणीपाशी थांबवलं आणि पोर्तुगाल कटाप झाला. सॉरी ताई.

विम्याचे दोन आकडे आले. एकाने सांधे वगळलेत, म्हणजे छत्री दिली पण पावसात वापरू नका. दुसरा महिन्याला 190 पौंड म्हणतोय, तो धरून गणित मांडलं तर महिनाअखेर साधारण 200 शिल्लक दिसतात. तंग आहे.

घर विकत नाही. पुढच्या जुलैत सहा आठवडे फ्लिक-आं-फ्लाकला भाड्याने जागा बघतोय, मुद्दाम तिथल्या हिवाळ्यात. मग फेब्रुवारीत वादळांच्या दिवसांत तीन आठवडे. पावसाळीचप्पल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तळमजला नको, लिफ्ट हवी. हिने एकच विचारायला सांगितलंय: तिथे खोबरं खवायची विळी मिळते का, की घेऊन यायची?

पावसाळीचप्पल

घेऊन या. चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या नको.