ओहोटीत रेडफिश मिळतो का? टेक्सासला गेलेल्यांनी सांगा

तापीकाठचा (भुसावळ):
राम राम मंडळी. डिसेंबरात मेव्हण्याकडे टेक्सासला चाललोय, गॅल्व्हस्टनच्या खाडीजवळ राहतो. त्याच्याकडे दोन कयाक (वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होड्या) आहेत आणि म्हणतो ओहोटी लागली की रेडफिश धरायला जाऊ. मी हतनूरच्या बॅकवॉटरला काठावर बसून गळ टाकणारा माणूस, समुद्र पाहिला तो अलिबागच्या सहलीत तेवढाच. पाणी चढलं की मासा येतो ना, मग हा उतरल्यावर का नेतोय? आणि गाळात रुतलो तर?

केळीवाला (रावेर):
भो, मासा राहू दे, येताना एक कयाक घेऊन ये 😄

गिरणाकाठ (चाळीसगाव):
सहा वर्षं ह्यूस्टनला होतो म्हणून सांगतो. मे महिन्यात गिरणेचं काय होतं आठव, धार आटते आणि मासा डोहात गोळा होतो. तिथं हेच एका दिवसात घडतं. भरतीला रेडफिश गवतात शिरतो, खेकडे-कोळंबी खात फिरतो, कुठं शोधणार त्याला? पाणी उतरलं की त्याला गवत सोडून नाल्यांत, खड्ड्यांत यावंच लागतं, आणि गवतातली कोळंबी पाण्याबरोबर वाहत बाहेर येते म्हणून तो नाल्याच्या तोंडाशीच थांबतो. मोठी बोट तिथं टेकते, कयाकला वीतभर पाणी पुरतं. खेकडा उकरताना त्याचं डोकं खाली आणि शेपूट पाण्याबाहेर, शेपटीशी काळा ठिपका. सोनेरी स्पून (चमच्याच्या आकाराचं धातूचं खोटं आमिष) डोक्यावर आदळू नको, पुढं टाकून हळू ओढत त्याच्या वाटेत आण.
आणि भरती-ओहोटी मुंबईसारखी समजू नको, तिथं फूट-दोन फुटांचाच फरक. खरा खेळ वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की खाडीतलं पाणीच बाहेर ढकलतो, भरती-ओहोटीचा तक्ता काहीही म्हणो. रुततात ते अशाच दिवशी, पाणी उतरत असताना हौसेनं आत आत जाणारे. खोल नाल्याच्या जवळच राहायचं, परतीची वाट आधी बघून ठेवायची.

तापीकाठचा (भुसावळ):
भारी सांगितलं भाऊ. रुतलीच तर उतरून ढकलता येते ना?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
चिखल असेल तर अजिबात उतरू नको, हतनूरचा गाळ बरा म्हणशील, मी एकदा मांडीपर्यंत गेलो आणि एक बूट अजून तिथंच आहे. टणक वाळू असेल तर उतर पण पाय उचलून टाकायचा नाही, घासत घासत चालायचं, वाळूत स्टिंगरे (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दबून बसलेला असतो, पाय पडला तर काटा मारतो. कालवांच्या खडकांवर तर चपलेनंही नको, ब्लेडसारखी धार असते. (कालवं म्हणजे शिंपल्यातली, कालवण नाही रे केळीवाल्या.)
लायसन तुझ्या नावाचं काढ, खाऱ्या पाण्याचं, मेव्हण्याचं चालत नाही. टेक्सासात 20 ते 28 इंचातलाच ठेवता येतो, दिवसाला 3. त्याहून लहान परत पाण्यात, 28 च्या वरच्याला लायसनसोबतचा टॅग लागतो. मोजपट्टी कयाकमध्येच ठेव.

केळीवाला (रावेर):
पण खायला कसा लागतो ते कोणी सांगेना

गिरणाकाठ (चाळीसगाव):
खवलं काढायचंच नाही. दोन फाका करून खवल्याची बाजू खाली ठेवून निखाऱ्यावर, भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतो तसं, कातडं जळतं आत मऊ. वरून आपला काळा मसाला भुरभुरला होता, शेजारचा गोरा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.

तापीकाठचा (भुसावळ):
मसाला बॅगेत टाकला. बूट मेव्हण्याचे घालतो.